झाकण लावा, जावईबापू!

पंगतीत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय! हे मी नाही म्हणत, आमच्या नात्यातल्या लग्नांमधले आचारी म्हणतात. त्यामुळे सुनेत्रानं जपानी गावांच्या सहलीचं सांगितलं, तेव्हा मी लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या आमच्या किचनमध्येच जाहीर केलं, "खायचं कसं असतं ते मी दाखवतो त्यांना!"

गावं म्हणजे काय, तर लंडनबाहेर एका शेतावर इथल्या जपानी मंडळींनी एका दिवसापुरती उभारलेली गवताच्या छपरांची घरं. प्रत्येक घरात एकेका गावचं जेवण. आमंत्रण होतं सुनेत्राच्या बॉसचं, होशिनोबाईंचं. सुनेत्राचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि तिला पर्मनंट करायचं की नारळ द्यायचा, हे याच बाईंच्या हातात होतं.

"शशी, तू कमी बोल आणि कमी खा," गाडीतून उतरताना सुनेत्रानं बजावलं. "मी योग्य वेळी तुझी ओळख करून देईन."

"म्हणजे आत्ता वेळ अयोग्य आहे?"

"तुझ्या शर्टावर वेफर्सचा चुरा आहे."

ती बाईंना शोधायला गेली. मी आणि सासरे, म्हणजे अप्पा, पहिल्याच घरात शिरलो. अप्पा पुण्याहून महिन्याभरासाठी आले होते आणि खिशात लिंबाच्या लोणच्याची बाटली घेऊनच घराबाहेर पडत.

आत चटईवर बसायचं होतं. पुढे एक मुलगी इंग्लिशमधून जेवायची पद्धत समजावत होती. मी तिकडे कशाला लक्ष देतोय! मी अप्पांना समजावत होतो, "सगळं आपल्यासारखंच आहे हो. चपला बाहेर, मांडी घालायची, आणि वाढणारे आग्रह करणार." समोर लाकडी वाटी ठेवली होती आणि शेजारी छोटी, खोलगट ताटली. अप्पांनी लगेच त्या ताटलीत भरपूर लोणचं ओतलं. म्हटलं, बघा, लोणच्याची सुद्धा सोय केलीय बिचाऱ्यांनी!

निळ्या किमोनोतल्या एका आजीबाईंनी माझ्या वाटीत घासभर नूडल्स घातल्या. मी गट्टम केल्या. "हाय, जान जान!" असं 'घ्या, घ्या'च्या सुरात म्हणत त्यांनी लगेच दुसरा घास घातला. तोही गेला. मग तिसरा, चौथा... पुढे मी मोजायचं सोडून दिलं.

पोट भरल्यावर मी म्हणालो, "नो, नो, इनफ!" आजी हसल्या आणि वाढल्या. बरोबरच आहे! आमच्याकडेही 'पुरे' म्हटलं की दोन जास्तच पडतात. मी वाटीवर आडवा हात धरला. आजी शांतपणे थांबल्या. हात काढला की पडलाच घास! आता एवढं म्हातारं माणूस वाढतंय आणि आपण पानात टाकायचं? छे! आईनं तसं वळणच लावलेलं नाही.

"अप्पा, तुम्ही घ्या ना थोडं," मी कळवळून म्हणालो.

"मला ॲसिडिटी आहे. जावईबापू, माघार नको हं! घराण्याचा प्रश्न आहे!"

बघे जमले. टाळ्या पडायला लागल्या. माझ्या कपाळावर घाम, आजींच्याही कपाळावर घाम. आम्ही दोघं एकमेकांकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं बघत होतो की काय सांगू! तिकडे पातेलं रिकामं झालं आणि रांगेतल्या मुलांना 'नूडल्स संपल्या' असं सांगण्यात आलं. एक पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

तेवढ्यात होशिनोबाई धावत आल्या. मागे सुनेत्रा.

"लिड! प्लीज, पुट द लिड!"

पाहुण्यानं वाटीवर झाकण ठेवलं की वाढणं थांबतं. तोवर वाढणाऱ्यानं थांबायचं नाही, हीच तिथली रीत! आणि झाकण कुठे? ती खोलगट ताटली म्हणजेच झाकण, लोणच्याखाली! मी घाईघाईत ते तसंच्या तसं वाटीवर पालथं घातलं. आजी नेमक्या शेवटचा घास घेऊन वाकल्या होत्या. सगळं लोणचं, तेलासकट, त्यांच्या बाहीवर गेलं. आजी मटकन खाली बसल्या आणि मनगट चोळायला लागल्या.

"आई, लागलं का?" अशा सुरात होशिनोबाई जपानीत काहीतरी म्हणाल्या. म्हणजे या त्यांच्या आई! धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण तेव्हा मी तिलाही जड गेलो असतो.

"सुनेत्रा, तू या गृहस्थांना ओळखतेस?" बाईंनी विचारलं.

सुनेत्रानं माझ्याकडे पाहिलं. लोणच्याकडे पाहिलं. बाहीकडे पाहिलं.

"ड्रायव्हर," ती म्हणाली. "आमचा ड्रायव्हर आहे."

मी आशेनं अप्पांकडे वळलो. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड ड्रायव्हर."

मी खाली मान घालून गाडीत जाऊन बसलो.

काही दिवसांनी सुनेत्रा पर्मनंट झाली! त्याची पार्टी होशिनोबाईंच्या घरी होती. ड्रायव्हर अर्थातच बाहेर, गाडीत. थोड्या वेळानं काचेवर टकटक झाली. बघतो तर आजी! हातात डबा. मला इतकी लाज वाटली की नजर वर होईना. त्यांनी डब्याचं झाकण काढून दाखवलं, परत लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं आणि 'कळलं?' अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "येस, मॅडम."