लाकडापासून रेझिनपर्यंत आणि परत

मुळशी तालुक्यात बॉलिंगच्या बॉलचा संपूर्ण इतिहास तोंडपाठ असलेला एकच माणूस आहे, आणि तो मी. दुसऱ्या कोणाला तो पाठ करावासा वाटलेला नाही, हा भाग वेगळा. बॉलिंग म्हणजे मॉलमध्ये असतं ते. लांबलचक गुळगुळीत लेन, टोकाला दहा पिना उभ्या, आणि आपण जड बॉल घरंगळत सोडून त्या पाडायच्या. हे सगळं सामान बनवणारा आमचा छोटा कारखाना कासार आंबोलीला एका शेडमध्ये आहे. मालक चंद्रकांत साहेब. संशोधन विभागाचा प्रमुख मी, शैलेश. विभागात माझ्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे मतभेद होत नाहीत.

गेल्या महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शैलेश, गुरुवारी अनसूया मॅडम येतायत. त्यांची आठ रिसॉर्ट आहेत, आठही ठिकाणी बॉलिंग करायचंय. ऑर्डर मिळाली तर तरलो. नाही मिळाली तर मी पूर्वीसारख्या प्लास्टिकच्या बादल्या करायला लागणार. आणि बादल्यांना संशोधन विभाग लागत नाही."

"ऑर्डर आपलीच, साहेब. मी त्यांना नुसता बॉल नाही, बॉलचा इतिहास दाखवणार."

"त्यांना लेन विकायचीय रे. इतिहास कशाला?"

"इतिहास कळला की किंमत कळते."

हे वाक्य मला तिथल्या तिथे सुचलं. मी इतका खूश झालो की घरी सूसला पोचेपर्यंत तेच वाक्य हेल्मेटच्या आत म्हणत होतो.

बेत सोपा होता. पाच बॉल मांडायचे, पाच टप्पे सांगायचे. आधी बॉल लाकडाचे असायचे. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी रबर आलं, मग प्लास्टिक, मग ऐंशीच्या सुमारास युरेथेन आणि नव्वदीत रेझिन. रेझिन म्हणजे कळस. लेनवर तेलाचा अगदी पातळ थर दिलेला असतो. बॉल त्यावरून घसरत जातो आणि तेल संपलं की झोकदार वळण घेऊन पिनांवर कोसळतो. सगळी करामत त्या तेलाची. पण ते तेल मुद्दाम दिलेलं असतं हे बघणाऱ्याला कळत नाही, आणि तिथंच माझं नशीब फुटलं.

चार बॉल माझ्याकडे होते, लाकडाचा नव्हता. मी गेणबांकडे गेलो. आमची शेड त्यांच्याच जमिनीवर आहे. सत्तरी ओलांडली तरी हौसेनं सुतारकाम करतात. एकेकाळी अख्ख्या गावाच्या बैलगाड्यांची चाकं त्यांच्या हातची.

"आबा, बाभळीचा एक गोळा करून द्या. साडेआठ इंची."

"कशापायी?"

"पाहुण्यांना दाखवायला. जुन्या काळी बॉल असा असायचा."

"आन आता?"

"आता रेझिनचा असतो."

"मंग नवा असताना जुना कशाला दावताय?"

"प्रगती किती झाली ते कळावं म्हणून."

गेणबांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग हलक्या आवाजात विचारलं, "ह्याचा पगार देत्यात व्हय तुमाला?"

बॉल मात्र चार दिवसांत करून दिला, आणि असा दिला की नजर ठरत नव्हती.

गुरुवारी सकाळी मी स्वतः लेनला तेल दिलं. मग आमच्याकडे साफसफाई आणि चहापाणी बघणाऱ्या लीलामावशींना बजावलं, "मोठ्या पाहुण्या येतायत. कानाकोपरा लख्ख पाहिजे. कुठे एक डाग दिसता कामा नये." आणि इतिहासाचा फ्लेक्स आणायला पौडला गेलो. दीड तासानं परत आलो तर मावशी दारातच उभ्या. हात ओले, चेहऱ्यावर समाधान.

"साहेब, बरं झालं तुमी सांगून गेलात. त्या फळ्यांवर कुन्या मेल्यानं चाळीस फूट तेल सांडून ठिवलं हुतं. कडक पानी केलं, सोडा टाकला, दोनदा घासलं. आता बोट फिरवून बघा, कसं कचकच वाजतंय."

मी बोट फिरवलं. कचकच वाजलं.

तेलाचा डबा रिकामा, पुढचा डबा परदेशातून बोटीनं येतोय. आणि बाहेर गाडीचं दार वाजलं, पाठोपाठ साहेबांचा खास पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला आवाज आला, "या या मॅडम, रस्त्यात त्रास नाही ना झाला?"

मी स्वयंपाकघरात धावलो. तिथं पाहुण्यांच्या भज्यांसाठी शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा होता.

"मावशी, भजी रद्द. तेल द्या."

"आवं, पीठ भिजवलंय म्या!"

"इथं माझी नोकरी भिजायची वेळ आलीय."

तेल ते तेल, असा संशोधन विभागानं तातडीचा निर्णय घेतला. खरं तर साठ फुटांच्या लेनला दोन-चार चमचे पुरतात. घाईत माझ्या हातून किती गेलं, ते मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

मॅडम आत आल्या आणि त्यांनी खोल श्वास घेतला. "वा, भज्यांचा काय वास सुटलाय."

"येतायत ना, गरमागरम," साहेब म्हणाले. लीलामावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी फ्लेक्सच्या आडोशाला सरकलो.

मॅडमची छाप पाडावी म्हणून मी थेट कळसापासून सुरुवात केली. "हा रेझिनचा बॉल. आता बघा कसा वळतो." आणि सोडला. कसला वळतोय? माहेरी निघाल्यासारखा सरळ गेला. पण दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या, मॅडमनी टाळ्या वाजवल्या. आता बॉल लेनखालच्या पट्ट्यावरून आपोआप परत यायचा. आम्ही वाट बघत उभे राहिलो. लेनच्या पोटातून नुसता गर्र गर्र आवाज. तेलानं न्हालेला बॉल पट्ट्यावर जागच्या जागी फिरत होता.

"येईल," मी म्हणालो. "तोवर त्याच्या आधीचा टप्पा बघू. युरेथेन."

युरेथेन गेला. तोही आला नाही. मग प्लास्टिक. तो गेला तो गेलाच. साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले, पण मॅडम खुलल्या होत्या. "उलटा इतिहास सांगताय तुम्ही. छान कल्पना आहे."

"मुद्दामच," मी म्हणालो. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

रबरी बॉल मॅडमनी स्वतः टाकला. तो कडेच्या पन्हळीत पडला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. साहेब अदबीनं म्हणाले, "थांबा, मी आणतो," आणि सरळ लेनवर पाय ठेवला.

"साहेब, नको," मी म्हणालो. पण तोवर साहेब निघाले होते. पहिली काही पावलं उभ्यानं, उरलेला प्रवास बसून. पिनांपर्यंत पोचले आणि सात पाडल्या. वर स्क्रीनवर मॅडमच्या नावापुढे सात आकडा आला, सनई वाजली, आणि पडलेल्या पिना लोटायला वरून यंत्राची दांडी खाली आली. ती पिनांसकट साहेबांनाही आत लोटायला लागली, तेव्हा लीलामावशींनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. यंत्र बंद, स्क्रीन बंद, सनई बंद.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या हसतायत हे कळायला मला वेळ लागला. साहेब पिनांमध्ये मांडी घालून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "शैलेश, बादल्या."

आता काय उरलं होतं? बाभळीचा बॉल उरला होता. म्हटलं, बुडायचंच आहे तर बोलत बोलत बुडू.

"मॅडम, आता आपण आलो मुळाशी. तेव्हा यंत्र नव्हतं. माणसं हातानं पिना उभ्या करायची."

लीलामावशींनी पदर खोचला, साहेबांना बाजूला सरकवलं आणि दहा पिना मांडल्या. लाकडी बॉल खडखड करत निघाला, वाटेत दोनदा डुगडुगला आणि नऊ पिना घेऊन गेला. दहावी उभी राहिली. मावशींनी ती पायानं हलकेच आडवी केली. "वारा लागला तिला. धरा दहा."

आवाज ऐकून गेणबा बघायला आले. मग मॅडम एक डाव आणि गेणबा एक डाव, असं तासभर चाललं. मावशी पिना मांडत होत्या आणि कोणाला किती द्यायच्या ते स्वतःच ठरवत होत्या. इतिहासाच्या फ्लेक्सकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

शेवटी मॅडम दम खात खुर्चीवर टेकल्या. "चंद्रकांतजी, माझ्या रिसॉर्टवर निम्मा दिवस लाईट नसते. ते यंत्र तुमच्याकडेच राहू द्या. मला हे हवंय. साधी लेन, लाकडाचे बॉल, हाताने पिना. आठही ठिकाणी. हा बॉल कोणी केला?"

"म्या," गेणबा म्हणाले.

साहेबांची पँट तेलानं चिंब होती, पण डोकं कोरडं होतं. त्यांनी झटकन गेणबांच्या खांद्यावर हात टाकला. "हे आमचे संशोधन प्रमुख."

"आन ह्यो?" गेणबांनी माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी क्षणभर विचार केला. "हा तुमच्या हाताखाली."

तर विभाग वाचला. हल्ली मी सकाळी नऊला गेणबांच्या पडवीत पॉलिश पेपर घेऊन बसतो. आबा बॉलला बोटांसाठी दोनच भोकं पाडतात. तिसरं भोक पडलं आणि जगात बॉल धरणं सोपं झालं, हे मला तारखांसकट माहीत आहे, म्हणून परवा मी रीतसर लेखी प्रस्ताव दिला. आबांनी तो पूर्ण वाचला, घडी करून डुगडुगणाऱ्या पाटाखाली सारला आणि म्हणाले, "बघू पुढच्या वर्सी."