सकाळचे एकशे सत्तर

सकाळी सात वाजता मास्तरांचं बीपी एकशे सत्तर भरलं आणि संध्याकाळी सात वाजता एकशे चोवीस. सुनेने दोन्ही आकडे वहीत लिहिले, मशीनच्या बॅटऱ्या काढून पुन्हा घातल्या आणि वहीकडे बघत बसली. हा दुसरा दिवस. दोन्ही दिवस हेच. माणूस तोच, खुर्ची तीच, डावा हातही तोच.

मास्तर म्हणजे तिचे सासरे, घराच्या पुढच्या खोलीत चाळीस वर्षं कोट शिवणारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख येत्या सोमवारची, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी अट घातली होती: आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजा, लिहून ठेवा, ताब्यात असेल तरच ऑपरेशन. नाहीतर पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी. अजून तीन महिने मास्तरांनी अंधुकात काढायचे, या विचारानेच सासूबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

सून विम्याच्या कचेरीत कामाला. कारण सापडलं नाही की तिला घास गोड लागत नसे. तिने सगळं नियमाने चालवलं होतं. चहाच्या आधी मोजायचं, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर, आणि कोणी बोलायचं नाही. पट्टा मात्र मास्तर स्वतः बांधून घेत. मापाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत.

"आई, मोजताना बोलायचं नसतं."

"त्यांनी बोलायचं नसतं. मी कुठे पट्टा बांधलाय?"

"त्यांनी ऐकायचंही नसतं."

"ते चाळीस वर्षांत ऐकलं नाही त्यांनी. आज कशाला ऐकतील?"

सकाळीच काय ते बिघडतं, एवढं दिसत होतं. म्हणून आधी सकाळचं वर्तमानपत्र बंद झालं. आकडा एकशे अडुसष्ट. मग मास्तरांच्या थोरल्या भावाला सांगितलं, की दादा, आठवडाभर सकाळी फोन करू नका. दादा दुखावले आणि कारण विचारायला सकाळीच फोन करू लागले. जेवणातलं मीठ आधीच निम्म्यावर आलं होतं, ते आता नुसतं दाखवण्यापुरतं उरलं. मास्तर काही न बोलता जेवत. सासूबाई मात्र आपल्या ताटात चोरून मीठ घेत आणि पकडल्या गेल्या की म्हणत, "माझी वही कुठे आहे?"

मग सुनेच्या लक्षात आलं, की सकाळी सात वाजताच वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पंप सुरू होतो. गुरुवारी तिने विनंती करून तो साडेसातपर्यंत बंद ठेवायला लावला. इमारत अर्धा तास कोरडी राहिली. वरचे गृहस्थ अंगाला साबण लावून जिन्यात उभे राहिले आणि जे बोलले, त्यावरून त्यांचंही बीपी मोजायला हवं होतं. मास्तरांचं एकशे बहात्तर.

मशीनच बिघडलंय का बघायला तिने तिथल्या तिथे स्वतःच्या दंडाला पट्टा लावला. एकशे पन्नास. तिचा चेहरा उतरला. ऑफिसात तिने दिवसभर कोणाशी वाद घातला नाही. संध्याकाळी पुन्हा मोजलं तर एकशे दहा.

"मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या, "या घराची सकाळच वाईट."

तिने डॉक्टरांना फोन लावला. "काही जणांचं सकाळी थोडं वर असतं," डॉक्टर म्हणाले, "पण रोज इतकं, आणि घरातल्या दोघांचं? कळत नाही. शनिवारी वही आणि मशीन, दोन्ही घेऊन या. पण सकाळचे आकडे असेच राहिले तर सोमवारचं विसरा."

शुक्रवारी सुनेचं डोकं इतकं दुखायला लागलं, की अर्धी रजा टाकून ती दुपारीच घरी आली. पुढच्या खोलीत मास्तर बाकावर झोपले होते. स्वयंपाकघरात खिडकीशी सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर बीपीच्या मशीनचा पट्टा, हातात ब्लेड.

"आई, हे काय करताय?"

सासूबाई दचकल्या नाहीत. फक्त आवाज खाली आणला. "हळू बोल. ह्यांनी परत शिवून ठेवलाय."

"काय शिवून ठेवलंय?"

"हाच. रोज पहाटे उठून टाके घालून दाबतात. कापड दिसलं की हात शिवशिवतात त्यांचे, त्याला काय करणार. मी दुपारी उसवते. आजची शिलाई बघ, म्हैस चालत गेल्यासारखी गेलीय."

सुनेने पट्टा हातात घेतला. आतल्या रबराला सुई लागू न देता, वरच्या काळ्या कापडाला काळ्याच दोऱ्याने बोटभर दुमड घातली होती. शेजारी आधीच्या टाक्यांची भोकं, रांगेने. तिने मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. म्हणजे सकाळी पट्टा अरुंद, संध्याकाळी पुन्हा रुंद. तिचं स्वतःचं डोकं दुखायचं तिथल्या तिथे थांबलं.

"आणि हे मला सांगितलं नाहीत?"

"तू बीपीचं विचारत होतीस. शिलाईचं कुठे विचारलंस?"

"तू उसवतेस होय," दारातून आवाज आला. मास्तर चौकटीला धरून उभे होते. "मला वाटलं, माझे टाके आपोआप सुटतायत."

"बाबा, पट्टा तोकडा केला की आकडा चढतो. माहीत होतं तुम्हाला?"

"डॉक्टरच म्हणाले होते, पट्टा मापाचा पाहिजे, तोकडा असला तर जास्त दाखवतो. मापाचं बोलणं मी विसरत नाही."

"म्हणजे मुद्दाम केलंत?"

सासूबाईंनी ब्लेड खाली ठेवलं. "ऑपरेशनला घाबरलात होय? मग तसं सांगायचं. आमचं मीठ कशाला बंद करायचं?"

"ऑपरेशनला नाही." त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं, तिची शिलाई तपासत असल्यासारखं. "दिसायला लागेल, त्याला. दोन वर्षं नुसत्या अंदाजाने शिवतोय मी. गिऱ्हाइकं जुनी, तोंडावर छान म्हणतात. परवा वकीलसाहेब कॉलरवरून हात फिरवून म्हणाले, मास्तर, हात अजून तोच आहे तुमचा. भला माणूस. पण डोळे आले की ती कॉलर मला दिसणार ना. साध्या पट्ट्यावरची शिलाई म्हशीसारखी जाते माझी, कॉलर काय शिवली असेल."

सासूबाईंनी सुनेच्या हातातून पट्टा घेतला आणि ब्लेडने उरलेले टाके उसवले.

"ती कॉलर मी शिवलीय," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"तुम्ही दुपारी झोपता ना. तेव्हा."

"आणि बँकेच्या मॅनेजरांचं अस्तर?"

"मीच."

"त्या नवरदेवाचा सूट?"

"तो दोनदा उसवला. पाठ डावीकडे पळत होती."

मास्तर जवळच्या स्टुलावर बसले. सुनेला वाटलं, आता खरंच मोजायला हवं.

"दोन वर्षं," ते म्हणाले.

"दोन वर्षं. म्हणून तर ऑपरेशनचा घोशा लावलाय. आता माझ्याच्याने होत नाही."

"थकलीस?"

"थकायला काय झालंय मला. दिसत नाही." सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या. "सहा महिने झाले, सुईचं भोक दिसत नाही. सूनबाई सकाळी तुमच्यासाठी बारा सुया ओवून ठेवते, त्यातल्या आठ मी उचलते."

"मग आई, सहा महिने तुम्ही कशा..."

"हाताला कळतं."

"मलाही हातालाच कळत होतं," मास्तर म्हणाले.

तिघांच्याही डोळ्यांसमोर वकीलसाहेब उभे राहिले, न्यायाधीशांसमोर, ती कॉलर घालून. मग दोघांनी एकदमच सुनेकडे तोंड वळवलं. घरात धड दिसणारी ती एकटीच होती.

"तू पाहिलीस ना गं ती कॉलर?"

"छान होती," सून म्हणाली आणि वहीत काहीतरी शोधू लागली.

मास्तरांनी बाही वर केली आणि डावा हात सुनेपुढे टेबलावर ठेवला. "बांध. उसवलेलाच बांध."

पाच मिनिटं कोणी बोललं नाही, सासूबाईसुद्धा. मग मशीन घुरघुरलं आणि थांबलं. एकशे सव्वीस.

"सोमवारी किती वाजता जायचंय?" मास्तरांनी विचारलं. "आता मला बघायलाच पाहिजे. हिने सहा महिने सुईचं भोकही न दिसता माझ्या नावावर काय काय शिवून ठेवलंय ते."

"बघा की," सासूबाई म्हणाल्या. "फक्त माणसाच्या अंगावर असताना बघू नका. तुमचा चेहरा लगेच पडतो."