पुष्पाची दोनदा झालेली वाढ

माणसाचे वाचन दोन प्रकारचे असते. एक, ज्याने माणूस वाढतो. आणि दुसरे, जे तो करतो. या दोहोंतले अंतर मिटवायचे काम आजवर कोणी अंगावर घेतले नव्हते. ते डहाणू तालुक्यात, सरावलीच्या एका वाचनालयाने घेतले. (वाचनालयाचे नाव येथे देत नाही. समितीला प्रसिद्धी आवडत नाही, असे तिने सर्व वर्तमानपत्रांना कळवले आहे.)

त्याआधी तिथला कारभार फारच मागासलेला होता. ज्याला जे आवडेल ते पुस्तक तो उचलायचा, घरी नेऊन वाचायचा आणि वर मजा आली म्हणून सांगायचा. पुस्तक पंधरा दिवसांत संपले नाही तर ग्रंथपाल निलमताईंच्या टेबलापाशी येऊन "ताई, वाढ द्या" म्हणायचा, की ताई पुढच्या पंधरा दिवसांचा शिक्का मारून द्यायच्या. वाढ या शब्दाला त्या वाचनालयात एवढाच अर्थ होता आणि तो सगळ्यांना पुरत होता.

मग अध्यक्ष नविनशेठ वापीला आत्मविकासाच्या एका शिबिराला जाऊन आले. नविनशेठ चिकूच्या वाडीवाले, सढळ हाताचा माणूस. वाचनालयाचे पंखे आणि दोन कपाटे त्यांनीच दिलेली. गेले तेव्हा ते सुखी होते, परतले ते व्यक्तिमत्त्व घेऊन. सावकाश बोलू लागले. समोरच्याच्या डोळ्यांत रोखून बघू लागले (वाडीवरच्या दोघांनी त्यामुळे कामावर येणे सोडले). वाचनालयात येऊन त्यांनी विचारले, "या एवढ्या पुस्तकांनी कोणाची वाढ झाली?" निलमताईंनी वर पंख्यांकडे पाहिले. पंखे शेठचे आहेत हे त्या कधी विसरत नसत.

अशा रीतीने पुस्तक निवड समिती जन्माला आली. अध्यक्ष नविनशेठ. सदस्य दिपक सर, निवृत्त मुख्याध्यापक. वाचलेल्या पुस्तकाची स्तुती आणि स्तुती केलेल्या पुस्तकाचे वाचन, या दोन्ही गोष्टी ते कटाक्षाने टाळत. निलमताई पदसिद्ध, म्हणजे चहा सांगायला.

समितीने सर्व पुस्तकांचे 'वाढीव', 'मध्यम' आणि 'निव्वळ करमणूक' असे वर्ग पाडले. पाककृतींचे पुस्तक वाढीव ठरले, कारण त्याने वाढ होते हे उघड्या डोळ्यांना दिसते. चिकूच्या छाटणीवरच्या पुस्तकाने मात्र एक अख्खी बैठक खाल्ली. त्यातली वाढ झाडाची की वाचकाची? शेवटी वाढ ती वाढ, असे ठरले. भुताखेतांच्या गोष्टी मध्यममध्ये गेल्या, कारण माणसाला थोडी भीती असलेली बरी. हसवणारी पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर ठेवून शिडी काढून घेण्यात आली. आणि नियम झाला, की आधीच्या पुस्तकाने आपली वाढ झाली हे समितीला पटवून दिल्याशिवाय सभासदाला पुढे काही मिळणार नाही. पहिल्याच पाहणीत शंभरातल्या एकोणनव्वद सभासदांची वाढ खुंटलेली आढळली. उरलेले अकरा त्या दिवशी आले नव्हते.

पुष्पाला यातले काही माहीत नव्हते. ती फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती आणि तिच्याकडे 'शेवटच्या खोलीतली सून' नावाची जाडजूड कादंबरी होती. कादंबरीत एक मोठे घर, घरात आजारी सून, आणि सुनेच्या दुधात कोणीतरी रोज काहीतरी मिसळत असते. घरचे आवरून जेवढे होईल तेवढे पुष्पा वाचायची आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना पॅकिंगच्या टेबलावर सांगायची. टेबलात उभी फूट पडली होती. अर्ध्या बायकांचा संशय धाकट्या दिरावर. संगिता आणि तिच्या बाजूच्या म्हणायच्या, डॉक्टर. दिरावरून आणि डॉक्टरवरून दोन्ही बाजूंचे आपसातले बोलणे बंद झाले होते. साठेक पाने उरली होती. दोन वाढी घेऊन झाल्या होत्या आणि दुसरीही संपत आली होती.

"ताई, वाढ द्या," पुष्पा म्हणाली.

"आता वाढ माझ्या हातात नाय ग," निलमताई हळूच म्हणाल्या. "आत समिती बसलीय. तिथं जा."

पुष्पा आत गेली. एवढ्याशा शिक्क्यासाठी दोन मोठी माणसे बसवलेली बघून तिला वाचनालयाचे कौतुकच वाटले.

दिपक सरांनी पुस्तक उलटेपालटे करून टेबलावर ठेवले. "या पुस्तकानं तुमची काही वाढ झाली का?"

"झाली ना, सर. दोनदा."

नविनशेठचा कप ओठांपाशी थांबला. त्या खुर्चीवर बसलेल्या कोणाची आजवर एकदाही झाली नव्हती.

"दोनदा," शेठ म्हणाले. "खूप कष्ट पडले असतील."

"कष्ट कसले, शेठ? आले, मागितली, मिळाली."

शेठनी ते लिहून घेतले. शिबिरात नेमके हेच सांगितले होते, पण तिथे त्याला तीन दिवस लागले होते.

"आणि आता?"

"आता तिसरी पायजे. तिसरी मिळाली का झालं."

"असं होत नाय, पुष्पाबेन. वाढीला शेवट नसतो."

"हाय ना शेठ. साठ पानांवर हाय."

दिपक सरांनी डोळे मिटले. एवढे खोल वाक्य त्यांनी नोकरीच्या काळात ऐकले नव्हते. निलमताईंना दारातून सगळा घोळ दिसत होता. त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात त्यांना चहा सांगायला पाठवण्यात आले.

समितीने तिथल्या तिथे 'शेवटच्या खोलीतली सून' हे पुस्तक 'विशेष वाढीव' म्हणून घोषित केले. एवढे मोलाचे पुस्तक कोणाच्याही हाती देणे योग्य नव्हते, म्हणून ते अभ्यासासाठी समितीने ठेवून घेतले. पुष्पाला नारळ मिळाला. शिवाय पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी 'माझी वाढ' या विषयावर तिचे भाषणही ठरले. नारळ घेऊन घरी जाताना तिला रडू येत होते. बक्षीस मिळून एवढे वाईट वाटते हे तिला नवीन होते.

"मग? कोण मिसळतं दुधात?" दुसऱ्या दिवशी संगिताने डबा उघडायच्या आधी विचारले.

"पुस्तक घेतलं गो त्यांनी. वाढ झाली म्हणून सांगितलं तर काढूनच घेतलं."

"त्यांना कशाला पायजे? शेठच्या घरी हाय ना सून."

अभ्यास सुरू झाला. पुस्तक आधी दिपक सरांकडे गेले. आपण फक्त प्रस्तावना चाळतो आहोत, असे ते भेटेल त्याला सांगत. प्रस्तावना पुष्कळ दिवस चालली. (त्या पुस्तकाला प्रस्तावना नाही.) मग ते शेठकडे आले. शेठनी त्याला एका वाढीव पुस्तकाचे कव्हर चढवले आणि ते वाडीत झाडाखाली बसून वाचू लागले. कोणाच्या डोळ्यांत बघायचे त्यांना भानच राहिले नाही, आणि गेलेले दोघे कामावर परत आले. समितीच्या कार्याचा एवढा ठोस परिणाम आजवर नोंदला गेला आहे.

ठरलेल्या रविवारी सभा भरली. पॅकिंगचे टेबल सगळेच्या सगळे आले होते, दिराच्या बाजूच्या डावीकडे आणि डॉक्टरच्या उजवीकडे. पुष्पा उभी राहिली. माईक तिने लांब सरकवला.

"माझी वाढ पंधरा पंधरा दिवसांची होती," ती म्हणाली. "निलमताईंनी शिक्का मारून दिली. मी काय केलं नाय. तिसरी दिली असती तर एव्हाना वाचून झालं असतं."

टाळ्या पडल्या. इतका विनय दिपक सरांनी पाहिला नव्हता. ते डोळे पुसू लागले.

"मना टाळ्या नकोत," पुष्पा म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "दीड महिना मी त्या सुनेबरोबर रायलेय. ती जगते का मरते ते मना माहीत नाय. शेठ, सर, तुमी वाचलंय. दुधात मिसळतं कोण, ते तेवढं सांगा."

डावीकडच्या आणि उजवीकडच्या सगळ्या पुढे वाकल्या.

"दीर असूच शकत नाही," दिपक सरांच्या तोंडून निघून गेले. "तो तर त्या वेळी..."

"सर, पुढं बोलू नका," नविनशेठ ताडकन उठले. "माझी चाळीस पानं बाकी हायत."

मग काय झाले याविषयी इतिवृत्तात 'आभारप्रदर्शन' एवढाच शब्द आहे. पण सगळी सभा हसत होती आणि बराच वेळ हसत होती. शेठही शेवटी हसले, पूर्वी हसायचे तसे, पोट धरून. दोन दिवसांनी पुस्तक निलमताईंच्या टेबलावर आले. त्यांनी पुष्पाला तिसरी वाढ दिली आणि शिडी परत आणून लावली.

शेवटचे प्रकरण पुष्पाने डब्याच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवले. सुपरवायझरही उभा राहून ऐकत होता. संगिताने घास खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसले. दिराच्या बाजूची एकजण उठून तिच्याजवळ जाऊन बसली. पुष्पाने पुस्तक मिटले. इतकी खूश ती लग्नातही नव्हती, असे ती स्वतः सांगते.

दुधात कोण मिसळत होते, ते नाव येथे देता येत नाही. ते कळल्याने कोणाचीही वाढ होत नाही, असे समितीचे लेखी मत आहे. सुज्ञ वाचकाने ही हकीकत निव्वळ वाढीसाठी वाचायला घेतली असणार, तेव्हा त्याचे काही अडायचे कारण नाही. मात्र ज्याची नजर ते नाव शोधत इथवर खाली घसरली, त्याने येत्या बैठकीला हजर राहावे. खुर्ची रिकामी आहे आणि दिपक सरांना दुसरे काही काम नाही.