नानांच्या घरातले बिल्ले

नानांच्या घरी मी पहिल्यांदा दुपारी आडवा झालो, तेव्हा उशीचा बिल्ला गालाला टोचला. गायीम्हशींच्या कानात नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला असतो ना, तोच. उठून पाहिलं तर पडद्याला बिल्ला, टॉवेलला बिल्ला, खुर्चीच्या पायाला सुतळीनं बांधलेला बिल्ला. काही पिवळे, काही निळ्या रंगात बुडवून काढलेले.

"नाना, हे काय?"

"पिवळी ती बाई, निळा तो गडी. फ्रेंचमधी," नाना शांतपणे म्हणाले. "तुमी डोकं ठेवलं व्हतं त्यो गडी हाय."

नाना म्हणजे आमच्या बोरीतले निवृत्त गुरांचे डॉक्टर. खरं तर डॉक्टरांच्या हाताखालचे, पण जुन्नर आणि आंबेगावातल्या गोठ्यांना हा फरक कधी कळला नाही. मी त्यांचा शेजारी. माझं आळेफाट्याला कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले म्हणून सगळे मला शेठ म्हणतात. मारवाडी मला येते ती भांडणापुरती.

नानांचा मुलगा फ्रान्समध्ये नोकरीला गेला आणि तिथलाच झाला. सून तिकडचीच. नात मीरा सात वर्षांची. दर रविवारी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फोनवर दिसायची. नाना विचारायचे, "जेवलीस का बाळा?" बापानं अर्थ सांगायचा, तिनं मान हलवायची आणि पळायचं. एकदा नाना मला म्हणाले, "नातीला मी भिंतीवरच्या फोटोवाणी दिसतो, शेठ. नुसता हसतो, बोलत न्हाई."

दुसरा कुणी असता तर उसासा टाकून गप्प बसला असता. नानांनी सुनेकडून मीराचं जुनं चित्रांचं पुस्तक मागवलं, पशुखाद्याच्या दुकानातून बिल्ले आणि ते मारायचा चिमटा आणला आणि फ्रेंच भाषेला गोठ्यात बांधायला घेतलं.

त्या भाषेत प्रत्येक वस्तू एक तर 'ल', म्हणजे गडी, नाही तर 'ला', म्हणजे बाई. आपल्यासारखं 'ते' नाही. हे कळलं त्या दिवशी नाना सकाळीच माझ्या ओट्यावर आले.

"शेठ, त्यांच्यात बैलच न्हाई! एकतर वळू, न्हाईतर गाय. आमी उभ्या नोकरीत गावोगाव गोऱ्हे खच्ची केले, आन् ह्या लोकांनी एक बी केला न्हाई!"

आपल्या खात्याचं काम परदेशात कुणीच केलेलं नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

पण त्यांचा खरा तंटा टोमॅटोशी. आपल्याकडे तो टोमॅटो, तिकडे 'ला तोमात'. आमचा आख्खा तालुका ज्याच्या जिवावर नवा ट्रॅक्टर घेतो किंवा जुना विकतो, तो मर्द गडी तिकडे बाई निघाला. नानांनी दोन दिवस बिल्ला लावला नाही. तिसऱ्या दिवशी टोपलीला पिवळा बांधला. "त्यांचा गाव, त्यांचा कायदा," म्हणाले.

जनावर घेताना ते आधी शेपूट बघायचे. शब्दालाही तोच नियम. "शेवटाला 'एत' आला की समजायचं कालवड. फुर्शेत, म्हंजे काटा. कालवड. बिसिक्लेत, सायकल. ती बी कालवड. आधी शेपूट बघा, शेठ!" हा शोध त्यांनी मला, दूधवाल्याला आणि एकदा एसटीच्या कंडक्टरला सांगितला. मग एके दिवशी पुस्तकात हाडांचा सापळा भेटला. 'स्कलेत'. शेपूट कालवडीचं आणि निघाला गोऱ्हा. नाना संध्याकाळी जेवले नाहीत.

नानी या सगळ्याकडे गुडघेदुखीकडे बघावं तसं बघतात. "पावणं आलं की च्या थंड व्हतो, पर बिल्ल्याची माहिती संपत न्हाई. मला लावू नका म्हंजे झालं."

"तुला कशाला? तू पाठ हायेस मला," नाना म्हणाले. नानी तोंड फिरवून आत गेल्या, पण हसताना मी त्यांना पाहिलं.

दर शनिवारी मी परीक्षा घ्यायचो. मराठी शब्द मी म्हणायचा, फ्रेंच नानांनी. पहिले दोन-तीन महिने धिंडवडे निघाले. पण नाना चिवट. दिवाळीनंतर चूक सापडेना. मीच शिकवल्यासारखी माझी छाती फुगली.

रविवारी फोन नानी धरायच्या, कारण नानांचे हात वस्तू दाखवण्यात गुंतलेले. माघातल्या एका रविवारी त्या स्वयंपाकात अडकल्या, म्हणून फोन पहिल्यांदाच माझ्या हातात आला. मीरा पलीकडे पाटावर बसल्यासारखी मांडी घालून बसलेली. नानांनी सुरी उचलली. "ल कुतो!" बरोबर. मग चमचा उचलला, आणि ठासून म्हणाले, "ल क्वियेर!"

"ला!" पोरगी किंचाळली. "आबा, ला! ला!"

पुढे काही बरोबर आलं, पण खुर्ची चुकली. टोमॅटो आला. ज्याच्यासाठी दोन दिवस सुतक पाळलं, तोसुद्धा चुकला! पोरगी हसून हसून लोळत होती, मध्येच उठून हात नाचवत नानांना समजावत होती, पुन्हा पुन्हा म्हणून घेत होती. नाना कान पकडत होते. अर्धा तास झाला. माझा हात अवघडला आणि डोकंही तापलं.

फोन बंद होताच मी बोललो. "नाना, काल सगळं बरोबर होतं. मला तोंडघशी पाडलंत. इतकी घोकंपट्टी करून उपयोग काय?"

नाना चमचा धोतराला पुसत राहिले. नानी दारात येऊन थांबल्या.

"दिवाळी झाल्यावरचा पयला रविवार," नाना म्हणाले. "त्या दिवशी मी एक बी चुकलो न्हाई. पोरगी म्हणली, 'ब्राव्हो, आबा.' आन् गेली खेळायला. चार मिन्टं बी झाली नसतील." त्यांनी चमचा खाली ठेवला. "चुकलो की बसती, शेठ. शिकवीत बसती."

मी उगाच पडदा सारखा केला.

"मग सगळंच चुका की," मी म्हणालो.

"तसं कसं? आज्याला कायच येत न्हाई म्हणून कंटाळंल ती. दोन बरोबर, एक चूक. कंदी दोन चुका." त्यांनी उशाखालून वही काढली. पानापानावर चित्रांच्या पुस्तकातल्या वस्तू लिहिलेल्या आणि बऱ्याच नावांपुढे बारीक फुली. "फुलीवाल्या चुका करून झाल्या. तीच चूक परत केली तर पोरीला संशय येतो. लई हुशार हाय."

मी वही चाळली. शेवटच्या पानावर जेमतेम आठ-दहा नावं बिनफुलीची उरली होती.

"शेठ," नाना हळूच म्हणाले, "पुण्याला माल आणाय जाल तवा एक मोठा शब्दकोश आणा. चुका संपत आल्यात."