रिकाम्या पेटीचा तपास

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मामा स्वयंपाकघरात उभे राहून नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला स्वतःची ओळख करून देत होते.

"मी वजनमापं खात्यात होतो. लोक तराजू बघतात, मी तराजूमागचा माणूस बघायचो. नुसती कानाची पाळी बघून सांगायचो, इथं खोट आहे. आता निवृत्त झालो, पण नजर थोडीच निवृत्त होते? गुप्तहेर म्हणा हवं तर. या नजरेतून सुई सुटत नाही."

नळवाला मान वर न करता म्हणाला, "पान्हा द्या."

मामांनी पक्कड दिली.

बाबा दारात उभे होते. "मेव्हणे," ते म्हणाले, "तुमच्या डाव्या पायातली चप्पल माझी आहे."

"ठाऊक आहे मला. कुणाच्या लक्षात येतं का, ते बघत होतो."

लेक ओट्याशी कपबश्या पुसत होती, ती हसली. मग नळ दुरुस्त झाला, बाबांनी चहा घेतला, पेपरातलं कोडं अर्धं सोडवलं. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाबांना हाक मारली, तर ओ आली नाही.

त्यानंतर कितीतरी महिने मंडळ भरलं नाही. मंडळ म्हणजे बाबांचं वाइन-मंडळ. प्रत्येकानं एकेक खास बाटली आणायची, पण पायमोज्यात घालून. लेबल झाकलेलं असलं की नुसतं नाव वाचून कुणाला वाहवा करता येत नाही. आल्याआल्या बाटली दारालगतच्या फळीवर ठेवायची, उघडायचं आणि ओतायचं काम मामांचं, दर बाटलीला वेगळा ग्लास, मोजे उतरवायचे ते अगदी शेवटी. मोजे धुतलेले असावेत, हा पोटनियम एका अनुभवानंतर आला होता.

मंडळ पुन्हा बोलावलं ते लेकीनं. कारण कपाटावर एक लाकडी पेटी होती आणि पेटीत तिच्या जन्मसालची बाटली. योग्य वेळ आली की उघडू, असं बाबा म्हणत. लेकीचा निकाल लागला, नोकरी लागली, लग्न ठरलं, मोडलं, पण योग्य वेळ काही आली नाही. बाबांचं कपाट आवरून झालं होतं, चष्मा कुणाला तरी देऊन झाला होता. न उघडलेलं असं एवढंच उरलं होतं. ते सगळ्यांच्या ग्लासात ओतावं, दोन शब्द बोलावेत, इतकंच तिला करायचं होतं. कोणते दोन शब्द, ते काही सुचलं नव्हतं.

रविवारी दुपारी मंडळी जमली. दंतवैद्य आले, घड्याळजी आले, आणि एका मोठ्या शाळेला वर्षानुवर्षं धाकात ठेवलेल्या मुख्याध्यापिका बाई आल्या. बाबांची खुर्ची कुणी ओढली नाही. लेक नेहमीसारखी तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. पेटीतली बाटली शेवटी, असं ठरलं. तिनं फळीवरचे सगळे मोजे उचलून टेबलावर आणले आणि मामांनी कामाला सुरुवात केली.

पहिली बाटली बरी निघाली. दुसरीवर बाईंनी "समाधानकारक" असा शेरा मारला. तिसरीचं बूच मात्र मामांच्या हातात भुसा होऊन आलं.

"हलक्या मालाची खूण!" मामांनी जाहीर केलं आणि वाइन चहाच्या गाळण्यातून गाळली.

घड्याळजींनी वास घेतला. "ओला पुठ्ठा."

"मी पेशंटला चूळ भरायला याहून बरं देतो," दंतवैद्य म्हणाले.

"नापास," बाई म्हणाल्या. "कुणी आणलीये, ते विचारत नाही. त्याचं त्याला कळेल."

चौघांनी आपापले ग्लास टेबलावरच्या मधल्या भांड्यात रिकामे केले. उरलेल्या दोन बाटल्या गोडीगुलाबीत पार पडल्या. मग लेकीनं कपाटावरची पेटी खाली आणली, मामांनी झाकण उघडलं, आणि आत नुसतं गवत.

लेकीनं गवत बाजूला केलं. पुन्हा केलं.

"कुणीही हलायचं नाही!" मामा ओरडले. हललं कुणीच नव्हतं. त्यांनी झाकणाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "धुळीत बोटांचे ठसे आहेत. ताजे!"

"आत्ता तुम्हीच उघडलंत," लेक म्हणाली.

"म्हणजे संशयितांत मीही आलो. माझी चौकशी केली. मला सोडलं." ते दंतवैद्यांकडे वळले. "माणसाच्या नकळत त्याची वस्तू काढून घ्यायची, हा कुणाचा धंदा?"

"नकळत?" दंतवैद्य म्हणाले. "माझ्या पेशंटना विचारा एकदा."

"बरं. मग बाई. जप्त करायची सवय सुटत नाही म्हणतात."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मामांनी तो धागा तिथल्या तिथे सोडला.

"तर मग घड्याळजी. बारीक हात, वाकून काम करायची सवय..."

"माझी कंबर धरलीये," घड्याळजी म्हणाले. "कपाटावर चढायचं सोडा, मला खुर्चीतून उठवायला माणूस लागतो."

"असली सोंगंही असतात." मामा येरझाऱ्या घालू लागले. "नाहीतर एकच शक्यता उरते. जुनी वाइन हळूहळू उडते."

"बाटलीसकट?"

"म्हणूनच तर हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे!"

एरवी लेकीला हसू आवरलं नसतं. आज तिला मामांचा राग आला, मग रडू आलं, आणि दोन्ही गिळून ती गवत परत पेटीत भरत बसली.

तेवढ्यात आई आतून आली. तिला वाइनमध्ये रस नव्हता; मंडळाला पाव आणि चीज पुरवायचं आणि आत पुस्तक वाचत बसायचं, असा तिचा रिवाज. तिच्या हातात एक करडा मोजा होता.

"दादा, तुझा तपास झाला असेल तर एक सांगते. तो तिसरा मोजा मला दे. याची जोडी आहे ती. महिनोन्महिने शोधतेय."

"अगं, इथं चोरी झालीये आणि तुला मोजे सुचतायत?"

"ह्यांचा मोजा आहे तो. टाचेला मी रफू केलंय, बघ. आणि बाटल्या आणल्या तुम्ही चौघांनी. मग मोजे पाच कसे?"

सगळ्यांनी मोजे मोजले. मामांनी दोनदा.

"ह्यांचं चाललंच होतं," आई म्हणाली. "लेबल बघितलं की सगळे माना डोलावतात, एकदा झाकून देतो म्हणाले. कुठली बाटली, ते काही बोलले नव्हते. तेव्हापासून फळीवर उभी असणार. मला वाटलं, तुमच्यापैकीच कुणी विसरलंय; मोजा काही निरखून पाहिला नव्हता."

लेकीनं मोजा खाली ओढला. लेबलवर तिचं जन्मसाल होतं.



"मी चूळ म्हणालो," दंतवैद्य पुटपुटले.

"मी नापास केलं," बाई म्हणाल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना निकाल बदलावासा वाटला.

"आणि मुद्देमाल मीच उघडला," मामा खुर्चीत बसत म्हणाले. "माझ्या हातांनी. गाळण्यातून." ते इतके केविलवाणे दिसत होते, की आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग घड्याळजींना आधी हसू फुटलं, मग बाईंना, आणि मग टेबल हलेपर्यंत सगळे हसले. लेकही हसली.

बाटली मात्र रिकामी होती. मधल्या भांड्यात पाचही बाटल्यांची सरमिसळ झाली होती. लेकीसाठी एक घोटही उरला नाही, असं मामा हळहळत म्हणत होते, तोच त्यांची नजर तिच्यासमोरच्या ग्लासांवर गेली.

"थांबा. मगाशी चौघांनी ग्लास रिकामे केले. तुझ्यासमोर हा तिसऱ्या बाटलीचा ग्लास तसाच! तुला कळलं होतं? काय वासावरून ओळखलंस? अगं, बापाचं नाक घेतलंस!"

सगळे तिच्याकडे बघू लागले. बाबांच्या मुलीचं नाक. ती मान डोलावू शकली असती. इतकी वर्षं डोलावतच आली होती.

तिनं तो ग्लास उचलला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "मला वाइन आवडत नाही. कधीच आवडली नाही. मला तुमच्या शेजारी बसायचं असायचं."