सुईकाकूंच्या मोपेडचं पासिंग

चहा पांचट झाला तर सुईकाकू मुकाट्याने गिळत, पण सुनेची एक सवय त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. काकूंनी दाराला कुलूप घातलं की सून ते ओढून बघे. एकदा नव्हे, दोनदा. काकूंनी गॅस बंद केला की तिची बोटं बटणावर जाऊन यायचीच.

"आयुष्यभर कुलपं लावली मी," काकू मुलाला ऐकवत. "चोर काय, चोराची सावली नाही फिरकली. आणि काल आलेली ही पोरगी माझं कुलूप ओढते! उद्या मी झोपलेय की गेलेय, तेही दोनदा हलवून बघेल."

"आई, अगं तिचं कामच तपासणीचं आहे," मुलगा पेपराआडून म्हणे.

दुखणं तेच होतं. सून गाड्यांच्या कचेरीत तपासनीस होती आणि गेल्याच महिन्यात दुचाक्यांच्या पासिंगवर आली होती. काकूंची मोपेड दरवर्षी तिथेच जायची.

काकूंचं शिलाईचं दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला. सुईकाकू हे नाव त्या दुकानावरून पडलं, असं त्या स्वतः सांगत. बाकीचे जिभेवरून पडलं म्हणत. नवरा गेल्यावर त्याची ही मोपेड त्यांनी चाळिशीत शिकून घेतली, तेव्हापासून पडद्यांची गाठोडी मागे बांधून त्या रोज निघत. कुणाच्या मागे बसून जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. पासिंग झालं नाही तर मात्र मुलाच्या मागची सीट ठरलेली.

पण काकूंना घोर नव्हता. एकवीस वर्षं गाडी पास झाली होती. आधीचे तपासनीस, ज्यांना सगळे शिक्केसाहेब म्हणत, खुर्चीतूनच विचारायचे, "काय वहिनी, गुडघा काय म्हणतो?" काकू गुडघ्याचं सांगायच्या, साहेब शिक्का मारायचे. गाडी बाहेर झाडाखालीच असायची.

त्या दिवशी काकू थेट टेबलाशी गेल्या. "हं, मार शिक्का. मला अकराला पडदे पोचवायचेत."

सुनेने मानही वर केली नाही. "अर्जदार, रांगेत उभ्या राहा. तुमचा नंबर सतरा."

"अर्जदार? अगं, तुझी सासू आहे मी!"

"घरी आहात, आई. इथे सतरा नंबर आहात."

सोळा गाड्यांनंतर काकूंची पाळी आली. सुनेने हॉर्न दाबला. गाडी गप्प.

"हँडल डावीकडे वळव, मग वाजतो," काकू म्हणाल्या. "उगाच बोंबलत नाही ती, शहाणी आहे."

दिवा लागेना. काकूंनी एक सणसणीत चापट मारली, तसा लख्ख लागला आणि विझला. "बघितलंस? हाक मारली की ओ देते."

"आता ब्रेक. त्या पांढऱ्या रेघेवर थांबवून दाखवा."

काकू पेडल मारून सुटल्या आणि अगदी रेघेवर, बोटभरही इकडेतिकडे नाही, अशा थांबल्या. रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. सून मात्र खाली वाकून काकूंच्या चपलेकडे बघत होती.

"तुम्ही पायाने थांबवलीत."

"मग? पाय काय शेजारणीचा आहे?"

"तपासणी गाडीची आहे, पायाची नाही."

"शिक्केसाहेब तर एकवीस वर्षं पायाचंच विचारायचे!"

सुनेने लाल कागद भरला. अकरा दोष. काकूंनी तो वाचला नाही. चष्मा घरी राहिला, असं त्या म्हणाल्या. अक्षरं लावत बसायला त्यांना नेहमीच वेळ लागे आणि तेवढा वेळ सुनेसमोर उभं राहायचं नव्हतं.

"नापास गाडी चालवायची नाही, अर्जदार. ढकलत न्या."

कचेरी चढावर होती. काकू गाठोड्यासकट गाडी ढकलत फाटकाबाहेर आल्या आणि तिथे त्यांना एक झकास उत्तर सुचलं. सुचलेलं उत्तर गिळायची सवय काकूंना नव्हती. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि फाटकातून आत सुनेकडे वळल्या. एरवी त्या चाकाखाली दगड सरकवत, कारण स्टँड आपलं नावाचंच होतं. पण आज घाई होती आणि हातवारे केल्याशिवाय त्यांना भांडता येत नसे.

"अगं, ज्या गाडीने तुझ्या नवऱ्याला शाळेत पोचवलं..." त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मागे कट्ट असा आवाज झाला.

मोपेड निघाली. काकू धावल्या, पण गुडघा खरंच दुखत होता. उतारावर हँडल डावीकडे वळलं आणि हॉर्न वाजू लागला. थांबेचना. खाली चहावाल्याच्या बाकावर एक गृहस्थ निवांत बशीत फुंकर मारत होते. मोपेड बाकाच्या पायावर आदळली, तिचा दिवा लख्ख लागला आणि गृहस्थ अलगद कप विसळायच्या टबात बसले.

"कोण आहे रे तो गाढव?" ते पाण्यातून गरजले. "असलं डबडं पास केलं कुणी?"

काकू धापा टाकत पोचल्या. बघतात तर शिक्केसाहेब! काकूंनी शांतपणे पिशवीतून पासिंगच्या जुन्या कागदांचा गठ्ठा काढून साहेबांच्या नाकासमोर धरला.

साहेबांनी चष्मा पुसला. "ही सही माझ्यासारखी दिसतेय, वहिनी."

"दिसतेय कसली? तुमचीच आहे. एकवीस वेळा."

साहेब टबातच थोडे खाली सरकले. "मी आपला तुमच्या गुडघ्याची चौकशी..."

इतक्यात सून पळत आली. पेन अजून कानावर होतं. "आई! लागलं का कुठे?" म्हणत तिने काकूंचा एक हात तपासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

काकूंनी हात सोडवून घेतला नाही. त्या उताराकडे बघत होत्या. भर रहदारीचा रस्ता तिथून वीस पावलांवर होता. शिक्का मिळाला असता तर या वेळी त्या गाडीवर बसलेल्या असत्या आणि ज्या चपलेने गाडी थांबवायची तिचा तळ तर आजच रेघेवर फाटला होता.

"शेवटची ओळ वाचलीत का?" सून हळूच म्हणाली. "'इंजिन उत्तम. ब्रेक आणि स्टँड बदलून, बाकीची दुरुस्ती करून पंधरा दिवसांत पुन्हा आणावी.' भंगारात काढायची गाडी नाही ही."

"इंजिन उत्तम आहे हे सांगायला तू कशाला हवीस?" काकूंनी पदराने तोंड पुसलं आणि ताठ उभ्या राहिल्या. "आता ऐक. आजपासून मी कुलूप लावलं की तू ओढून बघायचंस. पण एकदाच! दोनदा ओढलंस तर माझ्याशी गाठ आहे, तपासनीसबाई."