घड्याळजींची लख्ख टाकी

सोमवारी सकाळी घड्याळजींनी अंगावर पहिला मग ओतला आणि "अगं!" अशी हाक मारली. ओ द्यायला घरात कोणी नव्हते. बायको जाऊन सात महिने झाले होते. पाणी मात्र बर्फासारखे गार होते. गिझरही गेला होता.

गेला तो नेमका नको त्या वेळी. रविवारी मुलगी येणार होती आणि तिने आधीच बजावले होते, "बाबा, घर नीट चाललेलं दिसलं तर राहा तिथंच. नाहीतर तुमची बॅग मी भरणार." मुलगी लाडकी होती, पण तिच्या घरी पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसून राहायचे घड्याळजींच्या जिवावर येत होते.

"घर कसं, घड्याळासारखं चाललंय," त्यांनी फोनवर कुडकुडत सांगितले.

मग प्लंबरला बोलावले. आत येताच त्याने विचारले, "काकू कुठायत?" घड्याळजींनी सांगितले. त्याने पिशवी खाली ठेवली.

"दर वर्षी त्याच बोलवायच्या मला," तो म्हणाला. "कॉइल साफ करायला."

"काहीतरीच काय! चौदा वर्षांत या गिझरला कुणाचा हात लागला नाही. मी स्वतः पारखून आणलाय."

"तुम्ही दुकानात गेलात की मी यायचो. इथलं पाणी जड आहे, काका. वर्षात कॉइलवर बोटभर क्षार चढतो. काकू म्हणायच्या, यांना सांगू नकोस. जगाला स्वतःच्या पारखीचं कौतुक सांगत सुटलेत, सांगू दे."

घड्याळजी खाली बसले. चौदा वर्षे आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी या गिझरची कथा ऐकवली होती. ज्याला ऐकायची नव्हती त्यालाही.

"कॉइल जळलीय," प्लंबर म्हणाला. "नवी घालू, टाकी वरवर धुऊ. पण पुढच्या सोमवारी. आठवडाभर मला श्वास घ्यायला सवड नाही."

सोमवार म्हणजे मुलगी येऊन, बॅग भरून, बापाला घेऊन गेल्यावर. घड्याळजींनी कॉइल स्वतःच आणली. "चाळीस वर्षं केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतोय मी. हे तर डबडं!"

हे डबडे भिंतीवरून उतरवायला शेजारचा ड्रायव्हर आला. आयुष्यभर बस चालवून तो निवृत्त झाला होता आणि आता दिवसभर दुसऱ्यांना चालवायला मोकळा होता. मेन स्विच बंद करून दोघांनी टाकी खाली घेतली. घड्याळजींनी पांढरे फडके अंथरले, स्क्रू ओळीने मांडले, डोळ्याला भिंग लावले आणि बॅटरी घेऊन टाकीत डोकावले. आत पांढऱ्या खडीची खाणच होती. यंत्रात कण राहिला की यंत्र दगा देते, हे त्यांचे तत्त्व. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून, ब्रशने, मग पातीने, मग सुईने ते दोन दिवस खरवडत राहिले.

"पुरे की आता," ड्रायव्हर म्हणाला. "तोंड बघायचंय का त्यात?"

"एक डाग राहिलाय."

शुक्रवारी तो डागही गेला. टाकी भिंतीवर चढली, पाणी सोडले, आणि तळातून दोऱ्यासारखी धार निघाली. घड्याळजींनी बोट लावले. शेजारी दुसरी निघाली. दोघांनी मिळून चार भोके चार हातांनी दाबली, तेव्हा पाचवे उघडले. कॉक बंद करायला कोणाचाच हात मोकळा नव्हता.

"सोड की एक!" घड्याळजी ओरडले.

"तुम्ही सोडा! गिझर तुमचा!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाई उघडी छत्री घेऊन थेट न्हाणीघरात आल्या. "अहो, काय चाललंय काय? घरात छत्री घेऊन भांडी घासतेय मी!"

"बाई, भांडण नंतर करू. आधी तो कॉक फिरवा!"

बाईंनी कॉक फिरवला. भांडणही केले.

शनिवारी प्लंबर धावत आला. बॅटरी मारून त्याने आत पाहिले. "कुणी घासली ही?"

"मी," घड्याळजी छाती काढून म्हणाले.

"काका, पत्रा केव्हाच सडला होता. क्षारानंच टाकी धरून ठेवली होती. म्हणून तर मी वरवर धुवायचो. तुम्ही नेमका तेवढाच खरवडलात." नवा गिझर मिळणार होता, पण बसवायचा तो सोमवारीच.

तेव्हा ड्रायव्हरचे डोके चालले. दोघांची न्हाणीघरे पाठीला पाठ लावून होती. त्याच्या गिझरची नळी मधल्या झरोक्यातून घड्याळजींच्या गरम नळाला जोडली. पुढे देखाव्याला रिकामी टाकी टांगली. घड्याळजींनी तिच्या लाल दिव्याला घड्याळाचे सेल लावून तो पेटता ठेवला. काम इतके सुबक झाले की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

रविवारी मुलगी आली. तिने दुधाचा वास घेतला, उशीचा अभ्रा उलटून पाहिला आणि आंघोळीला गेली. घड्याळजी बाहेर अर्धा तास एकच ताट पुसत उभे राहिले.

केसांना टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली. "बाबा, गिझर झकास आहे हं."

"मग! पारख लागते."

"फक्त बटण दाबायचं मी विसरले होते." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "बटण बंद, तरी दिवा लाल. आणि पाणी कढत."

घड्याळजींनी ताट उलटे करून पुसायला घेतले. तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला, "घड्याळजी! पोरीचं उरकलं का? माझ्या गिझरमध्ये थेंब ठेवलाय की नाही? मी अजून पारोसाच आहे!"

मुलगी मटकन खुर्चीत बसली. आधी खांदे हलले, मग ती टॉवेल तोंडाशी धरून हसली आणि हसता हसता रडली. आई गेल्यापासून ती हसलेली घड्याळजींनी पाहिली नव्हती. त्यांनी सगळे सांगून टाकले, तिच्या आईचे दर वर्षीचे गुपितसुद्धा.

"माझ्या शेजाऱ्याचं तोंड मी सहा वर्षांत दोनदा पाहिलंय," ती म्हणाली. "आणि इथं तुमच्यापायी माणसं पारोशी राहतात."

"मग बॅग?"

"राहू दे माळ्यावर."

सोमवारी नवा गिझर बसला. तो जुन्यापेक्षा थोडा अरुंद आहे. भिंतीतली जुनी दोन भोके अजून बुजवायची आहेत.